धावून आलेले इंजिन एकदम का थांबवू नये?



उसाच्या हंगामात कोणत्याही साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी घटकाभर उभे राहा. दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो. काही चालक आल्याआल्या किल्ली फिरवून चहाच्या टपरीकडे वळतात. काही मात्र इंजिन मंद गतीवर तसेच चालू ठेवतात आणि मिनिट-दोन मिनिटांनी बंद करतात. एखादा जुना चालक नव्या पोराला दटावतोही, "अरे, लगेच बंद करू नको. टर्बो आहे त्याला. जरा दम खाऊ दे!"

हा दम खाऊ देण्याचा नियम आला कोठून? त्यात खरे किती आणि ऐकीव किती? इतिहासाच्या माणसाने इंजिनात कशाला डोकवावे, असे कोणी म्हणेल. पण माणसांच्या सवयींनाही इतिहास असतो, आणि या सवयीची हकीकत सांगायला आपल्या नगरइतके सोयीचे गाव दुसरे नाही.

आरंभ घोड्यापासून करू. दौड मारून आलेला घोडा तसाच ठाणावर बांधायचा नाही, त्याला हातात लगाम धरून फिरवायचे, त्याचा श्वास खाली बसू द्यायचा, ही घोडदळातली जुनी शिस्त. तापलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, असेही सांगत. आजचे पशुवैद्य म्हणतात, पाण्याने काही बिघडत नाही. फिरवणे मात्र खरोखर हिताचे. जुन्या नियमातले एक अंग खरे आणि एक निव्वळ समजुतीचे. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९३८ साली हिंदी घोडदळाच्या रिसाल्यांचे घोडे काढून त्यांना चिलखती वाहने देण्यास सुरुवात झाली. सिंद हॉर्स हा त्यांतल्या पहिल्या रिसाल्यांपैकी एक. घोडे गेले, पण सवार, दफेदार, रिसालदार ही हुद्द्यांची नावे रणगाड्यांच्या दलात आजही तशीच आहेत. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, या चिलखती दलाचे केंद्र आणि विद्यालय नगरला एकत्र आले. खारे कर्जुन्याच्या माळावर रणगाड्यांचा सराव चालतो, त्याचा आवाज आसपासच्या गावांना पिढ्यानपिढ्या परिचयाचा आहे. वाहननगरला सैन्याच्या वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे. आणि १९९४ पासून नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. शिक्षकमित्रांनी मुलांची सहल तेथे न्यावी आणि तोफा पाहून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा : या अवजड धुडाला ओढणारे इंजिन गार कसे राहत असेल?

तेथे शर्मन जातीचा रणगाडा आहे. या जातीच्या अनेक रणगाड्यांत चक्क विमानाच्या घराण्यातले, हवेने गार होणारे इंजिन बसवलेले असे. असले इंजिन मैदान मारून आल्यावर तडक बंद करायचे नसे. काही वेळ भार काढून मंद चालवायचे, म्हणजे सगळे भाग सारखे निवत. घोडा फिरवण्याचीच ही रीत. शर्मनच्या त्या इंजिनाला टर्बो नव्हता, हे लक्षात घ्या. म्हणजे नियम टर्बोच्याही आधीचा. टर्बोने त्याला नवे कारण दिले, इतकेच.

आता हा टर्बो. इंजिनात इंधन जळते, त्यातली बरीचशी शक्ती तप्त धुराबरोबर बाहेर फुकट जाते. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूशी या इंजिनियराच्या मनात आले, की हा धूरच का कामाला लावू नये? धुराच्या झोताने एक चाक फिरवावे, त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवावा, आणि त्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबावी. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. १९०५ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. पण ती कागदावरून यंत्रात उतरायला वीस वर्षे गेली. इतकी उष्णता सोसणारा धातू हाताशी असावा लागतो, आणि तसा तो नव्हता. १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना हे साधन बसवले, तेव्हा १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. इंजिन तेवढेच, धूर तोच!

मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या शास्त्रज्ञाने मोठी मौजेची परीक्षा घेतली. उंचावर हवा विरळ होते आणि विमानाचे इंजिन धापा टाकू लागते. १९१८ साली मॉसने विमानाचे एक इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर नेले. उंची सुमारे १४,१०० फूट. आपली कळसूबाई सुमारे ५,४०० फूट, म्हणजे तिच्या अडीचपटीहून अधिक. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन माथ्यावर २३० वर आले. टर्बो जोडल्यावर त्याने ३५६ अश्वशक्ती दिली.

आता मूळ मुद्दा. ही चाके फिरतात किती वेगाने? मोटारीच्या टर्बोत मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे होतात. लहान टर्बोत दोन लाखांच्या घरात. झोताच्या बाजूचा धूर डिझेल इंजिनात सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत जातो, पेट्रोलच्या इंजिनात त्याहून वर. असल्या धगीत फिरणारी ती बोटाएवढी दांडी ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असते. ऑइल तिला घासू देत नाही आणि तिची उष्णताही वाहून नेते. हे ऑइल इंजिनाचा पंप पुरवतो. इंजिन बंद झाले की पंप बंद. चाक मात्र त्याच क्षणी थांबत नाही, ते आपल्या वेगाने काही सेकंद फिरतच राहते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चुलीवरचा तवा आठवा. भाकरी तव्यावर असते तोवर ती उष्णता खाते. भाकरी काढून घेतली आणि त्या रिकाम्या तव्यावर दोन थेंब तेल टाकले, तर ते करपून काळा चिकट डाग पडतो. टर्बोचेही तसेच. चढ चढून आल्याबरोबर इंजिन बंद केले, की लालबुंद झालेल्या घराची उष्णता मधल्या दांडीकडे सरकते. नवे ऑइल येत नाही, आत अडकलेले तेथेच करपते, त्याचा कोळशासारखा कीट धरतो. एका दिवसात काही होत नाही. रोज थोडा थोडा कीट साचतो, ऑइलची वाट अरुंद होते, आणि एके दिवशी दांडी खाल्ली जाते. चालक म्हणतो, काल तर गाडी चांगली होती!

१९७० नंतर मोटारगाड्यांत टर्बोचा प्रसार झाला आणि ही तक्रार जगभर होऊ लागली. कारखानदारांनी त्यावर उपाय काढले. दांडीच्या घराभोवती पाणी खेळवले. इंजिन बंद झाल्यावरही गरम पाणी वर चढते, गार खाली येते, आणि उष्णता निघून जाते. ऑइलही सुधारले. कित्येक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर पाणी फिरवणारा विजेचा छोटा पंप असतो. म्हणूनच तर आजच्या काही गाड्या सिग्नलपाशी आपोआप बंद होतात आणि आपोआप सुरू होतात.

आपल्याकडे टर्बो प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो रुळांवरून. १९६२ पासून अमेरिकेहून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीला होऊ लागलेली २,६०० अश्वशक्तीची डिझेल रेल्वे-इंजिने टर्बोचीच होती. त्याच १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स कंपनी निघाली. रस्त्यावरच्या ट्रकना मात्र १९९० नंतर तो सर्रास दिसू लागला. जमशेदपूरची टाटा-कमिन्स कंपनी १९९३ ची. पुढे धुराचे नियम कडक होत गेले, २०१७ साली भारत स्टेज चार आणि २०२० साली स्टेज सहा देशभर लागू झाले, आणि टर्बोवाचून नवी डिझेल मोटार मिळणे कठीण झाले. विहिरीवरच्या संथ इंजिनावर हात बसलेला शेतकरी असा एका पिढीत टर्बोच्या ट्रॅक्टरवर येऊन बसला. सवयी मात्र जुन्याच राहिल्या. दोष त्याचा नाही. विकणाऱ्याने हप्ता किती हे तीनदा सांगितले, बंद कसे करावे हे एकदाही सांगितले नाही.

तेव्हा करावे काय? करंजी घाट किंवा चंदनापुरीचा घाट भरल्या गाडीने चढून वर लगेच थांबायचे असेल, तर मोठ्या डिझेल इंजिनाला तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर ठेवावे. जड ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरलाही हेच लागू. साध्या मोटारीला मिनिटभर पुरते. पण शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवलेत, गावातल्या गर्दीतून हळू घरी आलात, तर टर्बो वाटेतच निवलेला असतो. मग दारात उभे राहून डिझेल जाळण्यात अर्थ नाही. घोडा फिरवत आणला, की पुन्हा फिरवावा लागत नाही. उलट अर्धा-अर्धा तास इंजिन मंद चालू ठेवणे वाईटच. त्याने काजळी धरते आणि ऑइल झिरपू लागते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत याविषयी लिहिलेले असते. ती मराठीत नसेल, तर गावातल्या शिक्षकांनी तेवढे एक पान वाचून दाखवावे.

सकाळी सुरू करतानाही अर्धा मिनिट धीर धरावा. ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ऑइल वेळेवर बदलावे. इथे काटकसर करणारे मी बरेच पाहिले आहेत, आणि टर्बोचे बिल पाहून डोक्याला हात लावणारेही तेच.

एक खोड मात्र फार वाईट. बंद करण्यापूर्वी एक जोराची रेस द्यायची आणि तिच्या भरातच किल्ली फिरवायची. जुन्या गाड्यांना ते खपून जाई. टर्बोला तो घात आहे, कारण चाक पुऱ्या वेगात आणि ऑइल नेमके त्याच क्षणी बंद. अशाने दांडीभोवतीची सील गेली, की ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात शिरते आणि डिझेल इंजिन आपलेच ऑइल पिऊन पळू लागते. मग किल्ली काढली तरी ते थांबत नाही, पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट उठतो आणि वेग वाढतच जातो. असे झाले तर इंजिनाच्या जवळ जाऊ नये. हाताने चालणारा गियर असेल, तर जाग्यावर बसून वरचा गियर टाकावा, ब्रेक पुरा दाबावा आणि क्लच सोडून द्यावा. इंजिन गुदमरून बंद पडते.