नाव ठेवायचं की नावं ठेवायची?

आमच्या टीममध्ये कुणाला मुलगी झाली की लंच टेबलवर हमखास एक वाद रंगतो. अन्वी, सान्वी, कियारा, मायरा ही सगळी नुसती फॅशन, दहा वर्षांत शिळी होणार. नाव कसं मुक्ता, सावित्री, अहिल्या असावं, एकदम क्लासिक! मी मूळचा नांदूरघाटचा, तालुका केज, जिल्हा बीड. त्यामुळे जुनी नावं म्हटलं की मला आधी आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका आठवतात.

गयाबाई, काशीबाई, प्रयागबाई, द्वारकाबाई, मथुराबाई... अख्खा तीर्थक्षेत्रांचा नकाशाच! लेकीला हाक मारता मारता काशीचं नाव तोंडी येतंय, तर पुण्य का सोडा? पिढ्यान् पिढ्या चाललेली ही नावं. पण आज बारशाला कुणी 'प्रयागबाई' ठेवतं का? म्हणजे नुसतं जुनं असून भागत नाही.

मग टिकतं कोणतं? जना टिकलं, कारण शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. अहिल्या टिकलं, कारण बीडच्या सीमेलगतच्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई. त्या दोघींनी नाव मोठं केलं, नावाने त्यांना नाही.

बरं, हे क्लासिक नाव तरी त्या बाईचं स्वतःचं असायचं का? लग्नात ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपली पद्धत. 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच! महर्षी कर्व्यांच्या आनंदीबाई आधी गोदूबाई होत्या. इतिहासात जी नावं आपण आदराने घेतो, ती सासरी मिळालेली. आईबापांनी ठेवलेलं नाव मांडवातच राहिलं.

आणि एक नाव तर अस्सल परंपरेतलं आहे, फॅशनचा वाराही न लागलेलं: नकोशी. नकुसा. एकापाठोपाठ मुली झाल्या की शेवटचीला हे नाव द्यायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो ही समजूत. मग त्या पोरीने शाळेच्या हजेरीत रोज "नकोशी" ऐकून "हजर" म्हणायचं. 22 ऑक्टोबर 2011 ला साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने एक समारंभ झाला आणि अशा 285 मुलींना नवी नावं मिळाली. गंमत बघा, कुणी सावित्री घेतलं, तर कुणी सरळ सिनेनटीवरून ऐश्वर्या! क्लासिक की ट्रेंडी, या वादाशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. हवंसं वाटणारं नाव हवं होतं, एवढंच.

साताऱ्याला हसायचं कारण नाही. आमच्या बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 2001 च्या जनगणनेत 894 मुली होत्या. 2011 मध्ये उरल्या 807. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा, तरी ही गत. नकोशी म्हणायला निदान मुलगी जन्माला तरी यायची. सोनोग्राफीने नावाचीही गरज ठेवली नाही.

म्हणून कुणी मुलीसाठी चार महिने वेबसाइट धुंडाळून, नवरा-बायको भांडून, शेवटी 'कियारा' ठेवत असतील तर मला ते आवडतं. नाव दहा वर्षांत जुनं होईल, होऊ दे. काशी-प्रयागही झालीच की. मुलीच्या नावासाठी घरात एवढा खल होतो, ही माझ्या मते आपल्याकडची खरी नवी गोष्ट आहे. क्लासिक करायचं काम ती पोरगी बघून घेईल.

असो. तुमच्या आजीचं माहेरचं नाव ठाऊक आहे का? नसेल तर या वीकेंडला घरी फोन करून विचारा.