कारण आणि निमित्त

तर मंडळी, गेल्या महिन्यात आमची गाडी घुरघुरायला लागली. क्लच दाबला की घुर्रर्र... आणि पाय उचलला की गप्प. रिकामं जातं फिरवल्यासारखा आवाज.

दिवाळीच्या सुट्टीत नातू ह्याच गाडीवर शिकला होता. मी लगेच निकाल देऊन टाकला, "क्लचची वाट लावलीस तू!" पोरगं काही बोललं नाही. पण नंतर किल्लीला हातही लावला नाही त्याने.

वास्तविक मी इतिहासाची शिक्षिका. कारण वेगळं, निमित्त वेगळं, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. २८ जून १९१४ ला साराजेव्होत गोळी झाडली गेली ते निमित्त. राष्ट्रांचे गट, शस्त्रस्पर्धा, वसाहतींची भांडणं ही कारणं. उत्तरपत्रिकेत कुणी दोन्हींची गल्लत केली की मी गुण कापत असे. असो.

गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. आवाज ऐकूनच म्हणाला, "बाई, रिलीज बेअरिंग गेलंय. बेअरिंग स्वस्त आहे, पण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल. मग क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटही आत्ताच बदलू, पुन्हा तीच मजुरी नको."

गाडी तीन दिवस त्याच्याकडे होती. मला राहवेना, वाचत बसले.

गाडी उभी असली तरी इंजिन फिरत असतं. गिअर बदलायचा तर इंजिन आणि चाकं क्षणभर वेगळी करावी लागतात, ते काम क्लचचं. १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पॅनहार्ड-लेव्हासोर कंपनीने पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना गती, अशी मांडणी केली. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या गाड्या ह्याच वळणाने गेल्या. तेव्हाचे क्लच शंकूच्या आकाराचे असत आणि त्यांवर चक्क चामडं चढवलेलं असे! चामडं कोरडं पडलं की त्याला तेल पाजायचं, आणि तेलकट होऊन घसरायला लागलं की वर मुलतानी माती भुरभुरवायची. आपण जी चेहऱ्याला लावतो तीच.

नंतर सपाट प्लेटा आल्या. पण अडचण राहिलीच. पेडल दाबलं की एक फोर्क पुढे सरकतो, आणि त्याला मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या भागावर दाब द्यायचा असतो. स्थिर वस्तू फिरत्या वस्तूला टेकली की झीज आलीच. मधे कुणीतरी घासून घ्यायला हवं, तेच हे बेअरिंग. मॉरिस घराण्याच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते ग्राफाइटच्या कडीचं असे. आपली अ‍ॅम्बेसेडर त्याच घराण्यातली, म्हणून तिच्यातही कार्बनची कडी आली. ती कडी प्रत्येक दाबागणिक पेन्सिलीच्या शिशासारखी थोडी थोडी झिजायची. म्हणून जुने ड्रायव्हर सिग्नलला गाडी न्यूट्रल करत आणि क्लचवरचा पाय काढून घेत.

पुढे गोळ्यांचं बेअरिंग सर्रास झालं. कल्पना जुनीच. वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या लोखंड कारखानदाराने १७९४ मध्ये घोडागाडीच्या आसासाठी तिचं पेटंट घेतलं होतं. हे बेअरिंग ग्राफाइटपेक्षा पुष्कळ टिकतं, पण आतलं ग्रीस आयुष्यभरासाठी एकदाच भरलेलं. पाय सतत पेडलवर राहिला की ते सतत फिरतं, तापतं, ग्रीस जातं आणि मग घुर्रर्र.

चौथ्या दिवशी गाडी आणायला गेले. त्याने जुने भाग जपून ठेवले होते. बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. बोटाने फिरवलं तर खरखर लागली. मग प्रेशर प्लेट दाखवली. मधल्या स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोकं झिजून त्यांत खाच पडली होती. मी म्हटलं, "नातू शिकत होता ना..."

तो हळूच म्हणाला, "बाई, ही खाच दोन-तीन आठवड्यांत पडत नाही. ह्याला वर्षं लागतात. गाडी चालवताना तुमचा डावा पाय कुठे असतो?"

मी उत्तर दिलं नाही. पाय कुठे असतो ते मला ठाऊक होतं. गाडी बंद पडेल ह्या धास्तीने चौदा वर्षं मी तो क्लचवरच टेकवून ठेवलाय, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा.

घरी येऊन नातवाला फोन केला. "अरे, चूक माझी होती. तू निमित्त होतास." तो म्हणाला, "आजी, निमित्त म्हणजे?" मग काय, अर्धा तास साराजेव्हो!

रविवारी तो आला. किल्ली त्याच्या हातात दिली आणि मी शेजारी बसले. वाटेत सिग्नल लागला. त्याने गाडी न्यूट्रल केली, पाय खाली जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून हसला.

तुमचाही डावा पाय कुठे असतो, एकदा बघा बरं...