कलम १९ (२) : चार पाठ आणि एक शब्द

भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या कलमाचें दुसरें पोटकलम हा कायदेपंडितांचा विषय. त्याचें संशोधकांच्या त्रैमासिकांत काय काम, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु ज्या संहितेचे सोळा वर्षांच्या आंत चार पाठ झाले, आणि त्यांतील एक पाठ आपण आरंभापासूनच मूळ होतों असें सांगतो, ती संहिता पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. भांडारकर मंदिराच्या महाभारतानें प्रक्षेप ओळखण्याची जी शिस्त आपणांस लाविली, तीच येथें योजण्याचा आमचा विचार आहे.

विषयाचें महत्त्व निराळेंच आहे. व्यक्तीचें विचार व उच्चार यांचें स्वातंत्र्य सत्तेनें कारणावांचून आकुंचित करूं नये, हें उदारमतवादाचें आद्य सूत्र. राजा परका असतो तेव्हां तें सांगणारास लोकांचें पाठबळ मिळतें. राज्य आपलेंच झालें म्हणजे मात्र ‘आपल्याच सरकारचे हात कां बांधावे ?’ हा प्रश्न पुढें येतो. लोकांचें राज्य झालें तरी सत्तेस मर्यादा हवीच, असें जॉन स्टुअर्ट मिल यांनीं १८५९ सालीं ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथांत प्रतिपादिलें होतें. या पोटकलमाचा इतिहास म्हणजे त्याच वादाचा आपल्या देशांतील लिखित पुरावा होय.

(१)

प्रथम पाठांची ओळख करून देतों. १९४८ च्या फेब्रुवारींतील मसुद्यांत हें कलम १३ व्या क्रमांकाचें होतें. तो क पाठ. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीनें स्वीकारलेला तो ख. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीचा तो ग. १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीनें ‘भारताची सार्वभौमता व एकात्मता’ हे शब्द घालून सिद्ध झालेला, व आज प्रमाण असलेला, तो घ.

भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठीं कायदा करतां येईल, याची यादी चारही पाठांत आहे. क पाठाच्या यादींत अब्रुनुकसानी, सभ्यता व नीतिमत्ता यांच्याबरोबर ‘राजद्रोह’ हा शब्द होता. ख पाठांत तो नाहीं. हा लेखकप्रमाद नव्हे. तो शब्द बुद्धिपुरस्सर गाळलेला आहे. १ डिसेंबर १९४८ रोजीं कन्हैयालाल मुनशी यांनीं घटनासमितींत तशी उपसूचना मांडली. सरकारवर टीका करणें हा लोकशाहीचा प्राण असून राजद्रोहाच्या कायद्यानें टीका व गुन्हा यांतील भेदच पुसला होता, असा त्यांचा आशय होता.

या शब्दाचें मूळ आपल्याच प्रांतांत सांपडतें. दंडसंहितेचें १२४-अ हें कलम १८७० सालीं घातलें गेलें. परंतु त्यास धार आली ती १८९७ सालीं, मुंबईच्या हायकोर्टांत ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर चाललेल्या खटल्यांत. न्या. स्ट्रेची यांनीं सरकाराविषयीं ‘अप्रीति’ म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीस सांगितला, आणि टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढें १९४२ सालीं फेडरल कोर्टानें, सार्वजनिक अव्यवस्थेचा संभव असल्यावांचून राजद्रोह नाहीं, असा सौम्य अर्थ केला. परंतु १९४७ सालीं सदाशिव नारायण भालेराव यांच्या प्रकरणांत प्रिव्ही कौन्सिलनें तो रद्द करून टिळकांच्या खटल्यांतील अर्थच पुनः स्थापिला. घटनासमितीनें हा शब्द गाळला तो अशा स्थितींत.

(२)

ख पाठाची कसोटी लवकरच लागली. मद्रास सरकारनें ‘क्रॉस रोड्स’ या मुंबईच्या डाव्या विचाराच्या इंग्रजी साप्ताहिकास मार्च १९५० मध्यें आपल्या प्रदेशांत बंदी केली. त्याच सुमारास दिल्लीच्या चीफ कमिशनरनें राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या विचाराच्या ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकावर पूर्वतपासणीचा हुकूम बजावला. दोन्ही पत्रांचीं मतें परस्परविरुद्ध. हक्क मात्र एकच. २६ मे १९५० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोघांच्याही बाजूनें निकाल दिला.

न्या. पतंजलि शास्त्री यांची विचारसरणी आमच्या वाचकांस रुचेल अशी आहे. मद्रासचा कायदा सार्वजनिक सुव्यवस्थेसाठीं होता. ख पाठांत मात्र राज्याची सुरक्षितता धोक्यांत आणणें वा राज्य उलथून पाडूं पाहणें एवढेंच कारण दिलेलें. मोठ्या वर्तुळांतील शब्द लहान वर्तुळांत बसविणें त्यांनीं नाकारलें. त्यापुढें जाऊन त्यांनीं क व ख हे पाठ समोरासमोर ठेविले, आणि ‘राजद्रोह’ गाळला गेला, त्या अर्थीं सरकारविषयीं नुसती अप्रीति उत्पन्न करणें हें बंदीचें कारण होऊं शकत नाहीं, असें दाखविलें. मीमांसक ज्यास अनुपलब्धि म्हणतात त्या जातीचेंच हें प्रमाण होय. न्या. फाजल अली यांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें. सार्वजनिक अव्यवस्था वाढत गेल्यास राज्याच्या सुरक्षिततेपर्यंत पोंचते, हा त्यांचा पक्षही दुर्लक्षणीय नाहीं.

(३)

यानंतर वर्षभरांतच, १२ मे १९५१ रोजीं, पंतप्रधान नेहरू यांनीं दुरुस्तीचें बिल मांडलें. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. पाकिस्तानशीं युद्धाची भाषा वृत्तपत्रांतून उघड चालली होती. जमीनदारी नष्ट करण्याचे कायदेही न्यायालयांत अडकले होते. सरकारची अडचण खोटी होती असें म्हणवत नाहीं. तरी ज्या नेहरूंनीं १९३६ सालीं नागरिक स्वातंत्र्यासाठीं संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला तेच बिल मांडणार. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणांत, कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या पायांशीं आपलें स्वातंत्र्य वाहूं नये, हा मिलचा इशारा ज्यांनीं सभेस ऐकविला ते डॉ. आंबेडकर कायदेमंत्री या नात्यानें त्याचें समर्थन करणार, हा योग चिंतनीय आहे. दोघांच्याही हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. सत्ता परक्याकडून आपल्याकडे आली म्हणजे सज्जनांसही तिची मर्यादा निराळी दिसूं लागते, एवढाच याचा बोध.

विरोध करणारांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी होते, तसेच पंडित हृदयनाथ कुंझरूही होते. कुंझरू हे गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. जुन्या प्रागतिक परंपरेचा आवाज या सभेंत त्यांच्या मुखानें उमटला. प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक होण्यापूर्वींच, हंगामी सभेनें मूलभूत हक्कांस हात कां घालावा, हा विरोधकांचा एक प्रमुख आक्षेप होता. अखेरच्या मतदानांत बाजूनें २२८ व विरुद्ध २० मतें पडलीं. १८ जून १९५१ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. घटना अमलांत येऊन अद्याप सतरा महिनेही पुरे झाले नव्हते.

ग पाठानें यादींत तीन कारणें वाढविलीं : परकीय राज्यांशीं मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि अपराधास चिथावणी. शिवाय, हें पोटकलम आरंभापासून याच स्वरूपांत होतें असें मानावें, असें त्या दुरुस्तींत स्पष्ट लिहिलें. पोथीचा लेखक चुकीच्या अक्षरांवर हरताळ लावून वर नवीं अक्षरें लिहितो. तथापि खालचीं अक्षरें कधींच नव्हतीं असें तो म्हणत नाहीं. न्यायालयानें ज्या पाठावर निकाल दिला तो पाठच कायद्याच्या दृष्टीनें नाहींसा झाला.

(४)

इतक्यावरच थांबल्यास ग पाठावर अन्याय होईल. त्यांत एक शब्द असाही आला, जो क व ख यांपैकीं कोणत्याही पाठाच्या या पोटकलमांत नव्हता. तो शब्द ‘वाजवी’. घटनासमितींत पंडित ठाकुरदास भार्गव यांच्या आग्रहानें तो सभा, संघ, संचार इत्यादि हक्कांच्या पुढील पोटकलमांत आला होता. भाषणस्वातंत्र्याच्या पोटकलमांत तो नव्हता, आणि बिलाच्या प्रथम प्रतींतही नव्हता. बिल सिलेक्ट कमिटींतून परत आलें तेव्हां ‘निर्बंध’ या शब्दामागें ‘वाजवी’ हें विशेषण लागलेलें होतें. सभागृहांत व वृत्तपत्रांत उठलेल्या विरोधाचें जें कांहीं दृश्य फळ आहे, तें हेंच. वीस मतें हरलीं खरीं. परंतु एक शब्द मागें राहिला.

त्या शब्दाचा अर्थ १९५२ सालीं व्ही. जी. राव यांच्या मद्रासच्या खटल्यांत पतंजलि शास्त्री यांनींच विशद केला : हक्काचें स्वरूप कोणतें, निर्बंधाचा हेतु काय, ज्या अनिष्टाचें निवारण करावयाचें तें किती मोठें व किती निकडीचें, आणि योजलेला उपाय त्याच्या मानानें अधिक तर नाहीं ना, हें सर्व पाहावें. निर्बंध वाजवी आहे कीं नाहीं हें ठरविणें अशा रीतीनें न्यायालयाकडे आलें. १९६० सालीं राममनोहर लोहिया यांच्या प्रकरणांत सुव्यवस्थेशीं निर्बंधाचा निकटचा संबंध असला पाहिजे असें ठरलें. २०१५ सालीं माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ कलम रद्द झालें. दोन्ही वेळां ग पाठाच्या याच चौकटीवर विचार झाला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १२४-अ हें कलम आपणांस अत्यंत त्याज्य वाटतें, असें नेहरू यांनीं १९५१ च्या वादांत सांगितलें होतें. परंतु तें काढलें कोणीं नाहीं. १९६२ सालीं केदारनाथ सिंह यांच्या खटल्यांत न्यायालयानें त्याचा अर्थ संकुचित करून, ग पाठांतील ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या शब्दांच्या आधारें, तें टिकविलें. म्हणजे घटनासमितीनें पुढच्या दारानें घालविलेला ‘राजद्रोह’ मागच्या दारानें आंत आला. ११ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अंमल थांबविला, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिताच गेली. नव्या न्यायसंहितेच्या १५२ व्या कलमांत ‘राजद्रोह’ हा शब्द नाहीं. त्यांतील सार्वभौमता व एकात्मता हे शब्द मात्र घ पाठाची आठवण देतात.

(५)

निष्कर्ष असा : लोकशाहींत उदारमतवादास येणारें संकट बहुधा दांडग्याच्या रूपानें येत नाहीं. तें सद्धेतूच्या, बहुमताच्या व तातडीच्या रूपानें येतें, आणि यादींत एक-दोन शब्द वाढवून जातें. त्याचा प्रतिकारही शब्दांनींच होतो, आणि तो करणारे पुष्कळदां मतदानांत हरलेले असतात. म्हणून जिंकलेल्या पाठाइतकेच टाकलेले पाठ व भिन्नमतपत्रिका जतन केल्या पाहिजेत. महाभारताच्या संपादकांनीं गाळलेले श्लोकही टीपांत व परिशिष्टांत राखून ठेविले, तें याच बुद्धीनें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. १९४८ च्या छापील मसुद्याच्या प्रती व मे-जून १९५१ चीं मराठी वृत्तपत्रें अनेक घरांत जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत असण्याचा संभव आहे. कागद हलका असल्यानें तीं झपाट्यानें तुटत आहेत. पोथ्यांइतकाच त्यांचाही सांभाळ व्हावा, आणि ज्यांजवळ तीं असतील त्यांनीं मंडळास कळवावें.