कुर्ल्याची पद्मिनी आणि गाडी पारखण्याची आपली रीत

घरात छोटी गाडी घ्यायची ठरली की मराठी कुटुंबात काही प्रश्न हमखास विचारले जातात. अ‍ॅव्हरेज किती देते, पार्ट सहज मिळतात का, आपल्या भागातल्या मेकॅनिकला तिची माहिती आहे का, डिकीत चार माणसांचं सामान मावेल का आणि पुढे विकताना किती येतील? गाडी किती वेगाने धावते किंवा किती झटक्यात वेग घेते, हा विषय या यादीत बराच खाली येतो. जाहिरातींच्या भाषेला सरावलेल्यांना ही चौकशी कंजूषपणाची वाटते. पण या प्रश्नांना अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग मुंबईतल्या कुर्ल्याच्या एका कारखान्यात घडला. हा इतिहास नीट पाहिला तर दोन गोष्टी दिसतात. गाडी पारखण्याची ही रीत टंचाईच्या काळात घडली, तरी ती टंचाईपुरती नव्हती. रोजच्या वापराच्या वाहनासाठी ती योग्यच कसोटी होती. आणि त्या कसोटीत एक मोठी उणीव होती, ती म्हणजे माणसाच्या जिवाची सुरक्षितता. पहिली गोष्ट जपायला हवी आणि दुसरी भरून काढायला हवी.

मोटार भारतात जोडली जाणं मुंबईला नवं नव्हतं. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला परदेशातून आलेले सुटे भाग जोडण्याचा कारखाना उघडला होता. पण इथे मोटार बनावी, तिचं इंजिन आणि सांगाडा इथल्या कामगारांच्या हातून तयार व्हावा, हा आग्रह मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत वालचंदांनी हात घातला आणि तिन्ही ठिकाणी त्यांना परक्या सरकारच्या अनास्थेशी झुंजावं लागलं. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. सुरुवातीचा करार अमेरिकेतल्या क्रायस्लरशी होता, त्यामुळे कुर्ल्यातून डॉज, प्लायमथ, डिसोटो अशा लांबरुंद गाड्या बाहेर पडत. त्या संस्थानिकांना, मोठ्या व्यापाऱ्यांना परवडणाऱ्या होत्या. पेट्रोल आयात करणाऱ्या आणि परकीय चलन जपून वापरणाऱ्या नव्या देशाला छोटी गाडी हवी होती. म्हणून पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हात मिळवला. 1953 मध्ये वालचंद गेले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने आपला अहवाल दिला आणि नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. पुढच्याच वर्षी, 1954 मध्ये, कुर्ल्यात फियाट 1100 तयार होऊ लागली.

ही गाडी मुळात इटलीतल्या महायुद्धानंतरच्या मध्यमवर्गासाठी आखलेली होती आणि तिची आखणी आपल्या गरजांना चांगली जुळली. इंजिन 1089 सीसीचं, ताकद साधारण चाळीस अश्वशक्तीची. लांबी चार मीटरपेक्षा थोडी कमी आणि वजन नऊशे किलोच्या आत. वेगळी चासी न ठेवता सगळी बॉडीच एकसंध बांधलेली, त्यामुळे बाहेरून लहान असूनही आत ऐसपैस. गिअरचा दांडा स्टेअरिंगजवळ असल्याने पुढचं आसन सलग बाकासारखं ठेवता येई आणि चालकाशेजारी दोघं बसत. मागे कमानपाटे, चारी चाकांना ड्रम ब्रेक, दारांना वारा आत वळवणारी त्रिकोणी काच. पन्नासच्या दशकातल्या गोलसर नाकाच्या मॉडेलला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ म्हणून टाकलं. साठच्या दशकात आलेली ‘1100 डी’ अधिक सरळ, नेटक्या रेषांची होती. फियाटशी असलेला करार संपल्यावर सत्तरच्या दशकात हीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नावं बदलली, बंपर आणि जाळी बदलली. गाडीचा गाभा मात्र तोच राहिला.

गाडी पारखण्याची रीत घडली ती या काळात. देशात मिळणाऱ्या मुख्य प्रवासी गाड्या तीनच होत्या: उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरे आणि किमतीवरही सरकारचं नियंत्रण होतं. किमतीचा वाद इतका ताणला गेला की प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे त्यावर निकाल झाला. ग्राहकाने पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. या गाडीसाठी कुटुंबाला किती ताण सोसावा लागे, याचं सर्वांत बोलकं उदाहरण लालबहादूर शास्त्रींचं आहे. पंतप्रधानपदी असतानाही बारा हजार रुपयांची फियाट घ्यायला त्यांच्याकडे सातच हजार होते. उरलेले पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाने घेतले. त्यांच्या निधनानंतर ललिता शास्त्रींनी ते कर्ज पेन्शनमधून फेडलं. दिल्लीतल्या स्मारकात ती गाडी आजही उभी आहे. इतक्या ओढाताणीने घरात आलेली वस्तू कोणी चार वर्षांत बदलत नसे. ती पंधरा-वीस वर्षं चालायचीच, पुष्कळदा बापाकडून मुलाकडे जायची. अशा वेळी विकत घेण्याच्या किमतीपेक्षा पोसण्याची किंमत मोठी ठरते आणि गाडीची परीक्षा शोरूममध्ये होण्याऐवजी पुढच्या वीस पावसाळ्यांत होते.

याच वीस पावसाळ्यांनी दुरुस्तीचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा केला. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग, डायनॅमो यांतला प्रत्येक भाग बोनेट उघडताच हाताशी येई आणि साध्या पान्यांनी सुटत असे. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत केंद्राशिवायही गल्लीतल्या गॅरेजमध्ये काम होऊ शके. नवा भाग परवडत नसेल तर मुंबईत चोरबाजार आणि कुर्ल्याची भंगार बाजारपेठ होती, पुण्यात नाना पेठ होती. फिटर, डेन्टर, पेंटर, ऑटो इलेक्ट्रिशियन अशी कितीतरी माणसं हाताखाली राहून याच गाड्यांवर शिकली. मालकही थोडाफार कारागीर झाला. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडलं तर इंजिनाच्या इंधन-पंपावर ओलं फडकं ठेवायचं, रेडिएटर उकळला तर थांबून तो निवू द्यायचा, एवढं ज्ञान घरोघरी होतं. या सगळ्यातून कुटुंबाला जी खात्री मिळे, ती आजच्या पाच वर्षांच्या वॉरंटीपेक्षा वेगळ्या प्रकारची होती. वॉरंटी संपते, गाडी समजणारा माणूस शेजारी असेल तर तो आधार टिकतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. निवडच नव्हती, तर पारख कसली? मिळेल ती गाडी लोकांनी घेतली आणि नंतर तिचेच गुण गायले. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण खरं नाही. तीनच गाड्या असल्या तरी त्या एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या होत्या. अ‍ॅम्बॅसडर मोठी, 1489 सीसीची, सरकारी कचेऱ्यांची आणि खराब रस्त्यांची लाडकी. स्टँडर्ड हेराल्ड 948 सीसीची आणि आधी दोनच दारांची. स्वतः गाडी चालवणाऱ्या शहरी नोकरदाराने, डॉक्टरने, वकिलाने या तिन्हींत फियाटकडे कल दाखवला, कारण तिचा आकार, पेट्रोलचा खर्च आणि चार दारं यांचा मेळ त्याच्या संसाराला बसत होता. त्याहून भक्कम पुरावा पुढे मिळाला. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि काही वर्षांत पद्मिनीची कुटुंबांतली सत्ता संपली. आक्षेप घेणारे म्हणतील, पाहा, पर्याय मिळताच लोक पळाले. पण ते कशासाठी गेले हे पाहायला हवं. मारुती कमी पेट्रोल खात होती, सकाळी पहिल्या चावीला चालू होत होती आणि तिच्यामागे गावोगावच्या सेवा केंद्रांचं जाळं उभं राहत होतं. डिकी जवळजवळ गेली, मागची जागा आकसली, तरी लोकांनी ते सोसलं. म्हणजे कसोटी तीच राहिली. तिच्यावर पद्मिनी हरली आणि मारुती जिंकली. प्रीमियरने 1985 मध्ये निसानचं इंजिन बसवलेली 118एनई आणली, तोवर वारं फिरलं होतं.

कुटुंबांनी सोडलेली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी मात्र सोडली नाही. टॅक्सीचालक भावनेवर गाडी निवडत नाही. रोज संध्याकाळी त्याच्या हातात इंधनाचा आणि दुरुस्तीचा हिशेब असतो. परवान्याच्या नियमांनी त्याची निवड मर्यादित केली होती हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. वायुप्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयाने आदेश दिले आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं, तेव्हाही हे साधं इंजिन त्या बदलात टिकलं. डिकीतली जागा सिलिंडरने घेतली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं. तिची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर, 30 ऑक्टोबर 2023 पासून, काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. कारखान्याने पाठ फिरवल्यानंतरही एखादं वाहन दोन दशकांहून अधिक काळ रोजगार देत राहतं, याचं श्रेय सुट्या भागांच्या बाजाराला आणि कारागिरांना द्यावं लागेल.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. दुरुस्ती सोपी होती हे खरं, पण ती इतकी वारंवार लागत होती म्हणून तर तिचं कौतुक झालं. जी गाडी बिघडतच नाही तिला सोप्या दुरुस्तीची गरज काय? हा आक्षेप निम्मा स्वीकारायला हवा. मुंबईच्या दमट हवेत पत्रा गंजत असे, पॉइंट सतत घासावे लागत, आणि स्पर्धा नसल्याने हे दोष वर्षानुवर्षं तसेच राहिले. आजच्या गाड्या पहिली काही वर्षं खरोखर कमी त्रास देतात. पण दहाव्या वर्षी काय होतं? तेव्हा पुष्कळदा बिघडलेला छोटा भाग सुटा मिळत नाही, सबंध जोडणी बदलावी लागते आणि बाहेरच्या गॅरेजला तिची माहिती दिली जात नाही. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात येऊ न देण्यावरून 14 मोटार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कुर्ल्याच्या गाडीच्या मालकाला जे सहज मिळत होतं, तेच मिळवण्यासाठी आता आयोगाला आदेश द्यावे लागतात. कमी बिघडणं आणि सहज दुरुस्त होणं हे दोन्ही गुण एका गाडीत मागणं गैर नाही.

आता त्या रितीतली उणीव. आपण गाडीला सगळे प्रश्न विचारले, पण आदळली तर आतल्या माणसांचं काय होईल हे विचारलं नाही. पुढच्या बाकावर तिघं बसत, मुलं मोठ्यांच्या मांडीवर, पट्टे नाहीत, डोकं टेकायला उंच आसन नाही. ‘पत्रा जाड आहे’ यालाच आपण सुरक्षितता समजत आलो. वास्तविक टकरीत गाडीचा पुढचा भाग दबून आघात शोषत असेल आणि बसण्याची जागा शाबूत राहत असेल तरच माणूस वाचतो. नुसता कडक पत्रा तो आघात माणसापर्यंत पोहोचवतो. ही चूक पद्मिनीबरोबर संपली नाही. जानेवारी 2014 मध्ये टकरीच्या चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या तपासल्या आणि प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांतल्या काही गाड्या अ‍ॅव्हरेजमध्ये आणि पुनर्विक्रीत उत्तम होत्या. चालकासाठी एअरबॅग जुलै 2019 मध्ये सक्तीची झाली आणि भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, तीही ऐच्छिक.

ही उणीव छोट्या गाडीत भरून काढता येते का? छोट्या सेडानचा, म्हणजे वेगळी डिकी असलेल्या गाडीचा, आकार आजही धोरणच ठरवतं. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि 1200 सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क कमी झालं आणि मग इंडिगो सीएस, डिझायर, अमेझ अशा आखूड डिकीच्या गाड्या रस्त्यावर आल्या. लांबी आणि इंजिन या दोन्ही मापांत पद्मिनी या व्याख्येत सहज बसली असती. नोव्हेंबर 2024 मध्ये नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, तेव्हा हेही सिद्ध झालं की चार मीटरच्या आत, मध्यमवर्गाच्या खर्चात, सुरक्षित गाडी बनवता येते. सुरक्षितता परवडत नाही ही सबब आता चालणार नाही. तेव्हा पुढच्या वेळी गाडी पाहायला जाल, तर अ‍ॅव्हरेज, पार्ट आणि मेकॅनिक यांचे जुने प्रश्न लाज न बाळगता विचारा, कारण ते प्रश्न आपल्याला अनुभवाने शिकवले आहेत. पण सगळ्यांत आधी टकरीच्या चाचणीचा निकाल मागा, आणि तो दाखवता येत नसेल तर ती गाडी घरी आणू नका.