ठिणगीची फट : तारमार्गापासून सर्किट बोर्डापर्यंत

वणी (ता. दिंडोरी, जि. नाशिक) हे गाव सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी वसलेले असून त्याच्या दक्षिणेस पिंपळगाव बसवंतवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. मुंबई व आग्रा ही शहरे ओशॉनेसी ह्यांच्या देखरेखीखाली १८५४-५५ च्या सुमारास तारेने जोडली गेली आणि फेब्रुवारी १८५५ पासून तारायंत्राची सोय जनतेस खुली झाली. घाट ओलांडून माळव्याकडे जाणाऱ्या अशा लांब, उघड्या तारेस वळवाच्या विजेचे भय असे. त्यावर त्या काळी जो उपाय रूढ झाला, त्याचेच लघुरूप आज सर्किट बोर्डावर आढळते. हे साम्य कोठवर खरे आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तारायंत्राचा तडितरक्षक म्हणजे समोरासमोर बसविलेल्या दोन दातेरी पट्ट्या होत. एक तारेस व दुसरी जमिनीस जोडलेली असे. विजेचा दाब वाढताच मधील फटीतून ठिणगी पडून प्रवाह जमिनीत जाई. मात्र यंत्राचे रक्षण एकट्या फटीने होत नसे. यंत्रातील तारेचे वेटोळे अकस्मात येणाऱ्या प्रवाहास विरोध करी, आणि तेवढ्या अवधीत फट पेटत असे. ह्या दुसऱ्या घटकाचा पुढे बहुधा विसर पडलेला दिसतो.

किती दाबास हवा फुटते, ह्याचा नियम पाशेन ह्यांनी १८८९ मध्ये मांडला. हा दाब वायुदाब व अंतर ह्यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. ०.२ मिलिमीटर फटीस तो सुमारे दीड हजार व्होल्ट येतो. हजार मीटरांहून उंच असलेल्या सप्तशृंगगडावर हवेचा दाब मुंबईच्या मानाने दहा टक्क्यांहून अधिक कमी असल्यामुळे तीच फट तेथे काहीशी आधी पेटेल. परंतु पाशेनचा नियम वेळेविषयी मौन बाळगतो. ठिणगी सुरू झाल्यावर तिचा रोध कसा घटतो, हे प्रथम टोप्लर (१९०६) व नंतर रोम्पे आणि वाइत्सेल (१९४४) ह्यांनी सूत्रबद्ध केले.

हिवाळ्यातील कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर साठणारी स्थिरविद्युत् हा आजच्या बोर्डाचा शत्रू होय. प्रमाणित चाचणीत १५० पिकोफॅरडचे धारित्र ३३० ओहमच्या रोधातून रिते केले जाते. आठ हजार व्होल्टांच्या चाचणीत पहिले शिखर ३० अँपिअरचे असून प्रवाह एक नॅनोसेकंदाच्या आत तेथवर चढतो. चिपमधील ऑक्साइडचा थर मात्र काही नॅनोमीटर जाडीचा असतो व नॅनोमीटरमागे सुमारे एक व्होल्टाच्या दाबाने फुटतो.

येथेच संगणकीय प्रतिरूपांची परीक्षा होते. १९७३ मध्ये बर्कलीत सिद्ध झालेल्या ‘स्पाइस’सारख्या प्रणालीत फटीच्या जागी पाशेनच्या दाबास तत्क्षणी मिटणारी कळ ठेवण्याचा सोपा मार्ग पुष्कळ जण अवलंबितात. मग बोर्ड कागदावर सुरक्षित ठरतो. प्रत्यक्षात पहिला इलेक्ट्रॉन उपलब्ध होऊन ठिणगी साकार होईपर्यंत कित्येक नॅनोसेकंद जाऊ शकतात. तोवर दाब दीड हजाराच्या पुढे चढतो आणि शिखर चिपपर्यंत पोहोचते. म्हणून प्रतिरूपात हा विलंब आणि रोम्पे-वाइत्सेलचा घटता रोध ह्या दोहोंचा अंतर्भाव असणे आवश्यक आहे. फट वेळेवर पेटली तरीही शिल्लक दाब चिपला पेलणारा नसतो. तेव्हा फटीच्या मागे रोध व त्यापुढे डायोड हवाच.

तारायंत्रातील वेटोळ्याने जे काम अनायासे केले, ते आज आपणास जाणीवपूर्वक योजावे लागते. पट्ट्यांचा आकार शंभर वर्षांत लहान झाला, परंतु फटीस अवधी मिळवून देण्याची गरज नाहीशी झाली नाही. ती न ओळखणारे प्रतिरूप अभ्यासकास खोटा दिलासा देते, आणि तो दिलासा उपकरण निकामी झाल्यावरच ओसरतो.