विदर्भाचे मँगनीज आणि करप्याची पावडर

शेलूबाजार हे विदर्भातल्या मंगरूळपीर तालुक्यातले बाजाराचे गाव. आता समृद्धी महामार्गही त्याला येऊन भिडला आहे. अशा गावातल्या कृषी केंद्रात पावसाळ्यात ‘एम-४५’ मागितले की राखट-पिवळ्या पावडरीचे पाकीट मिळते. तिचे खरे नाव मँकोझेब. करपा असो वा पानांवरचे ठिपके, १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम हे प्रमाण शेतकऱ्याला पाठ असते. या पावडरीतल्या मँकोझेबच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा मात्र मँगनीज धातूचा असतो, हे कुणी सांगत नाही.

मँगनीज विदर्भाला नवे नाही. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नागपूर-भंडाऱ्याची नावे शंभर वर्षांहून अधिक काळ या खनिजाशी जोडलेली आहेत. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ फर्मोर याने १९०९ साली भारतातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि इथल्या एका खडकाला गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ नाव दिले. पुढे १९६२ साली मँगनीज काढणारी ‘मॉइल’ कंपनी उभी राहिली. हे खनिज मुख्यतः पोलादासाठी जाते. डोंगरी बुजुर्गचे बॅटरीच्या सेलसाठीही.

त्याच १९६२ साली अमेरिकेत रोम अँड हास कंपनीचे मँकोझेब बाजारात आले. त्यामागे दोन-तीन दशकांची खटपट होती. इथिलीनडायअमीन या नायट्रोजनयुक्त द्रव्यावर कॉस्टिक सोड्याच्या सोबतीने कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया केली की ‘नाबाम’ तयार होते. बुरशीवर ते चालायचे, पण टिकायचे नाही. १९४३ साली बटाट्याच्या करप्यावर काम करणाऱ्यांना दिसले की त्यात झिंक (जस्त) सल्फेट मिसळल्यास औषध टिकाऊ होते. जस्ताच्या जागी मँगनीज घातले तेव्हा १९५० च्या सुमारास ‘मानेब’ आले. ते प्रभावी होते, पण ओल लागली की साठ्यात आपोआप तापून पेट घेण्याची भीती असे. मानेबला थोडे जस्त जोडले, सुमारे अडीच टक्के, आणि मँकोझेब जन्माला आले.

त्याची रचना समजली की फवारणीचे शास्त्र आपोआप उलगडते. एकेका रेणूच्या दोन्ही टोकांना गंधकाचे अणू असतात. ते मँगनीजला धरतात, आणि असे दुवे जोडत लांब साखळी बनते. नायट्रोजन त्या दुव्याच्या आत, कार्बनला लागून बसलेला. ही साखळी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ती पानात शिरत नाही, पानावर थर होऊन बसते. दमटपणात हळूहळू फुटते तेव्हा निघणारे पदार्थ बुरशीच्या बीजाणूतल्या अनेक विकरांना एकाच वेळी निकामी करतात. एका जागी घाव घालणारी औषधे बुरशी पचवते. इतक्या ठिकाणचे घाव पचवणे तिला जमलेले नाही. सहा दशके झाली तरी हे औषध म्हणूनच टिकून आहे. पण रोग पानात घुसल्यावर या औषधाचा उपयोग थोडाच. फवारणी आधी हवी, आणि ती का, हे पाकिटावर मराठीत ठळक छापायला हवे.

ठळक छापावी अशी दुसरीही गोष्ट आहे. हा रेणू फुटताना, विशेषतः उष्णतेने, इथिलीन थायोयुरिया तयार होते आणि ते थायरॉइड ग्रंथीला बाधक आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मँकोझेबची परवानगी पुढे वाढवायला नकार दिला. भारतातही मे २०२० च्या सरकारी मसुद्यात बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीडनाशकांत त्याचे नाव होते. त्यानंतरही ते इथल्या कृषी केंद्रांत विकले जात राहिले.