आयकोसियन खेळ आणि आलेख सिद्धांताचे अध्यापन

आलेख सिद्धांतातील ‘हॅमिल्टन फेरी’ ही संकल्पना एका फसलेल्या खेळाशी निगडित आहे. डब्लिनचे गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८५७ मध्ये मांडलेला ‘आयकोसियन’ हा खेळ लंडनच्या जाक्स या व्यावसायिकांनी २५ पौंडांना विकत घेऊन १८५९ मध्ये बाजारात आणला. पटावर द्वादशफलकाची २० बिंदू व ३० कडांची आकृती असे. एकाने पहिले पाच बिंदू ठरवावयाचे. दुसऱ्याने प्रत्येक बिंदूला एकदाच भेट देत फेरी पूर्ण करावयाची. खेळ खपला नाही. केवळ चाचपडूनही तो सुटत असे.

वर्गात मात्र हाच दोष उपयोगी पडतो. अडताच खुंटी काढून मागे फिरणारा विद्यार्थी नकळत एक अल्गोरिदमच राबवीत असतो. बिंदू वाढताच ती रीत अपुरी पडते, मिळालेली फेरी तपासणे तेवढे सोपे राहते. हा प्रश्न ‘एन्‌पी-पूर्ण’ असल्याचे रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दाखविले.

वस्तुतः थॉमस किर्कमन या इंग्लिश धर्मोपदेशकाने अशा फेऱ्यांचा विचार १८५६ मध्येच, आणि तोही सर्वसाधारण बहुफलकांसाठी, प्रसिद्ध केला होता. त्याच्यापाशी पट नव्हता; नाव हॅमिल्टनचे राहिले.